कोण हाय आत?

निर्मलाक्का माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या डोक्यावर टकटक करायच्या. म्हणजे डोक्यावर नव्हे, डोक्यावरच्या हेल्मेटवर. पण ज्याच्या कवटीत तो आवाज घुमतो त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. घोड्यावर बसायला आलेला माणूस शाळकरी पोरगी असो की बदलून आलेला बडा साहेब, आधी अक्कांसमोर उभा राहायचा. अक्का हनुवटीखालचा पट्टा ओढून बघायच्या, त्यात दोन बोटं सरकवायच्या, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून बाजारात कलिंगड पारखावं तसं डावी-उजवीकडे हलवायच्या आणि मग बोटाच्या पेरानं ठोकून विचारायच्या,

"कोण हाय आत?"

आतल्यानं आपलं नाव सांगायचं. मोठ्यानं. नाव सांगितलं की रिकिबीत पाय. लाजला, हसला, तोंडातल्या तोंडात पुटपुटला, तर घोडा परत तबेल्यात.

लातूर शहर मागं पडतं, डाळमिलांची रांग संपते, तिथं रस्त्याच्या कडेला अक्कांचं मैदान होतं. मैदान म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेली मोकळी जागा, एक लिंब, दगडी हौद आणि पत्र्याचा तबेला. अक्का जनावरांच्या सरकारी डॉक्टर होत्या. सगळी नोकरी अडलेल्या गाई-म्हशी सोडवण्यात गेली, त्यामुळं आवाज असा कमावलेला की शेजारच्या शेतातला माणूस आपल्यालाच हाक मारली समजून उठून उभा राहायचा. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं फ्लॅट घेतात, तीर्थयात्रेला जातात. अक्कांनी घोडे घेतले. अंगात सलवार-कुडता, पायात कॅनव्हासचे बूट, ओढणीच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला. घोड्यांना वाटायचं आपण अक्कांवर प्रेम करतो. ते गुळावर करायचे. अक्कांना हे माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

घोडे दोन. एक बिजली नावाची तरणी घोडी. दुसऱ्याचं नाव तहसीलदार, कारण तो सकाळी अकराच्या आत कुठलीही हालचाल करायचा नाही आणि त्यानंतरही समोर काहीतरी ठेवल्याशिवाय करायचा नाही. अक्का मूळच्या उदगीरकडच्या, अर्ध्या कानडी मुलखातल्या, म्हणून दोन्ही घोड्यांना कानडीच कळायचं. 'बा' म्हटलं की यायचे, 'निल्लू' म्हटलं की थांबायचे. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. एकदा बिजली मला घेऊन शेजारच्या सोयाबीनमध्ये शिरली. "थांब, थांब बाई, थांब की गं!" मराठी भाषेत एवढी विनवणी मी लग्नाच्या बायकोचीही कधी केलेली नाही. घोडीनं आख्खं रान ओलांडलं, बांधावर उभं राहून मागं वळून बघितलं आणि शेपटी झाडली.

आता मी तिथं कसा, ते थोडक्यात. मी लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. माझ्या रक्तातली साखर बघून डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मला चालायचा कंटाळा. मी विचार केला, मी चाललो काय आणि माझ्याखालचा घोडा चालला काय, अंतर तर कापलं जातंच. फिजिक्सवाल्या माणसाला शोभणार नाही असा हा तर्क घेऊन मी एका सकाळी मैदानावर गेलो. सोबत माझं मोटरसायकलचं हेल्मेट. चौकात पोलीस दिसला की आरशावरून डोक्यावर आणि चौक ओलांडला की डोक्यावरून पुन्हा आरशावर, एवढाच त्या हेल्मेटचा प्रवास.

"हे काय आणलाव?" अक्का.

"हेल्मेट."

"हे फटफटीचं. ह्याच्यातनं बाजूचं काय दिसतंय का? अन् केवढं जड! पडलाव तर मानच मोडायची." त्यांनी खुंटीवरचं घोडेस्वारीचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

"अक्का, आज पहिला दिवस. नुसतं बसून बघतो. घोडा उभाच आहे की."

"उभ्या घोड्यावरनंच लोक पडतेत, सर. पळत्या घोड्यावर धरून बसतेत."

खरं कारण वेगळं होतं. माझे केस डाव्या कानाच्या वरून निघतात, मधला उजाड माळ ओलांडतात आणि उजव्या कानापाशी विसावतात. या स्थलांतराची व्यवस्था रोज सकाळी आरशासमोर मन लावून करावी लागते. हेल्मेट चढवायचं म्हणजे ती सगळी मेहनत पाण्यात. पण अक्कांच्या नजरेपुढं काही चाललं नाही. चढवलं. पट्टा ओढून झाला, कलिंगड हलवून झालं. टक टक.

"कोण हाय आत?"

"प्राध्यापक सुधाकर कदम, एम. एस्सी. फिजिक्स."

"शिक्षण इचारलं न्हाई. नाव."

"सुधाकर."

"हं. चढा."

तासाभरानं मी हेल्मेट काढलं तेव्हा उजव्या कानापाशी असायला हवेत ते केस डाव्या खांद्यावर लोंबत होते. अक्कांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "लई कष्ट घेऊन राहिलाव की सर!" त्या दिवसापासून त्या मला फिजिक्स म्हणू लागल्या. "अहो फिजिक्स, टाचा खाली!" "फिजिक्स, लगाम हाय तो, बसमधला दांडा न्हाई!"

उभ्या घोड्यावरून माणसं पडतात, हे त्यांचं म्हणणं मी लवकरच सिद्ध करून दाखवलं.

रविवार होता. आमच्या क्लासमधली पोरं आपले सर घोड्यावर कसे दिसतात ते बघायला, म्हणजे मोबाइलवर चित्रण करायला, कुंपणापाशी जमली होती. मी हौदापाशी तहसीलदारावर बसलेलो. समोर विद्यार्थी आणि आपण उंचावर, एवढं दिसलं की माझ्यातला शिक्षक जागा होतो. मी लगाम सोडला, दोन्ही हात मोकळे केले आणि जडत्वाचा नियम समजावून सांगू लागलो. घोडा एकदम थांबला तर स्वार पुढं का फेकला जातो? तेवढ्यात हौदापलीकडं अक्कांनी ओढणीची गाठ सोडली. तहसीलदाराला गूळ दिसला. तो पुढं गेला आणि मी होतो तिथंच राहिलो. जडत्वाचं इतकं शुद्ध प्रात्यक्षिक आमच्या क्लासच्या इतिहासात दुसरं झालेलं नाही. फक्त 'होतो तिथं' आता खाली घोडा नव्हता. माझं डोकं हौदाच्या दगडी काठावर आपटलं. हेल्मेटचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

डोळे उघडले तेव्हा वर लिंबाच्या फांद्या आणि त्यांच्या मधोमध अक्कांचा चेहरा. हेल्मेटवर टक टक.

"कोण हाय आत?"

"यस सर," मी म्हणालो. हजेरी घेताना पोरं म्हणतात तसं.

पोरं खो खो हसली. अक्का हसल्या नाहीत. एका नजरेत त्यांनी कुंपण गप्प केलं. मला हलू दिलं नाही, मान धरून ठेवली आणि परत विचारलं, "कोण हाय आत?" मग वार विचारला, गाव विचारलं, पुन्हा नाव विचारलं. 'सुधाकर' हा शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा त्यांनी कपाळाचा घाम पुसला. तो घाम बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. आपल्या जीपमध्ये घालून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, काही नाही म्हणाले. फोटो हातात यायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा अक्का आपण होऊन बोलल्या.

"आमचे हे परण्यात पडले होते, सर."

परण्या म्हणजे आमच्याकडं नवरदेव जानवशाहून घोड्यावर बसून मारुतीला जातो, पाया पडतो आणि तिथून मांडवात येतो, ती मिरवणूक. पुढं बँड, मागं वऱ्हाड, आणि मधे उभ्या आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेला एक मनुष्य, डोळ्यांवर बाशिंग.

"कुणीतरी माळ लावली फटाक्याची. घोडं उधळलं. हे दगडावर पडले, डोक्यावर. पण लगेच उठले. धूळ झाडली, फेटा परत बांधला, चालत मांडवात आले. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षता पडल्या, फेरे झाले. फेऱ्यात माझ्या कानाशी येऊन हळूच म्हनले, हे कुणाचं लग्न हाय?"

"मग?"

"मी म्हनलं, माझं."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या दिशी समदं ठीक झालं. लई गुणाचा माणूस. लई वर्षं संसार केला आम्ही. पण तो एक दिवस त्यांना शेवटपातुर सापडला न्हाई. अल्बम बघायचे तर पाहुण्यानं बघावा तसा. दर बारीला म्हनायचे, लई गर्दी होती की गं! माझ्या लग्नाला मी एकटीच हजर होते, सर. ते आलेच न्हाईत."

डॉक्टरांच्या माणसानं हाक मारली म्हणून त्या उठल्या. या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मीही त्यानंतर नाव सांगताना डिग्री जोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो तर अक्का माझं पडलेलं हेल्मेट घेऊन हौदापाशी उभ्या. वरून पाहिलं तर केसाएवढी चीर. मी म्हटलं, अजून वर्षभर चालेल. अक्कांनी मोठा धोंडा उचलला आणि हेल्मेटचे तुकडे केले.

"एकदा आपटलं की त्याचा नारळ झाला. फोडलेला नारळ परत देवाला चालतो का? त्यानं त्याचं काम केलं. अन् असंच ठेवलं तर उद्या कुणीतरी शहाणा घालणार." शहाणा म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, यात त्यांचा मोठेपणा.

खंडेनवमीला लोक विळे-कोयते पुजतात, दुकानदार तराजू पुजतो, आमच्या क्लासमध्ये फळा आणि प्रोजेक्टर पुजतात. अक्का हेल्मेटं पुजायच्या. खोगीर, लगाम, नाल मागच्या रांगेत. पुढच्या पाटावर हेल्मेटं ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर हळदीकुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. एका वर्षी एका हौशी पालकानं फूल नीट बसावं म्हणून हेल्मेटला खिळ्यानं भोक पाडायला घेतलं. त्या माणसानं नंतर बरेच दिवस मैदानाच्या बाजूचा रस्ता धरला नाही.

आमच्याकडचे एक होतकरू पुढारी होते. त्यांना वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी घोड्यावर बसलेला फोटो पाहिजे होता. आले ते मागं दहा-बारा पोरं आणि कॅमेरावाला घेऊन. हेल्मेट बघून बिचकले.

"अक्का, फोटोपुरतं. ह्याच्यात आमचं कपाळ दिसत न्हाई."

"मग घोड्याच्या बाजूला उभं राहा. कपाळ दिसंल, घोडा बी दिसंल."

"लोकांना काय वाटंल, नेता हेल्मेटात?"

"वाटंल की ह्याच्या डोक्यात ठेवण्यासारखं कायतरी हाय."

पुढारी गप चढले. आधी नावही सांगितलं, मोठ्यानं, सभेत सांगतात तसं. चार दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. बघतो तर घोडा तोच, ऐट तीच, पण डोक्यावर हेल्मेटच्या जागी कॉम्प्युटरवर चिकटवलेला भगवा फेटा. मी फोटो काढून अक्कांना दाखवायला नेला, त्या चिडतील म्हणून, खरं सांगायचं तर त्या चिडलेल्या बघायला मिळतील म्हणून. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"फिजिक्स," त्या म्हणाल्या, "हेल्मेटावर फेटा लई झकास बसतो की हो!"

त्यांच्या डोक्यात प्रशांतचं लग्न होतं. प्रशांत त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, पोर अक्कांनीच वाढवलं. त्याचं लग्न मुदखेडजवळच्या एका गावातल्या पाटलांच्या मुलीशी ठरलं होतं आणि परण्या तर निघणारच होता. अक्कांनी मनाशी सगळं आखून ठेवलं होतं. दोन घोडे. तहसीलदारावर प्रशांत, बिजलीवर त्या स्वतः. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. भाच्याशेजारी घोड्यावरून जायचं, मारुतीला आणि तिथून मांडवात. "एक परण्या तरी घोड्यावरनं बघायचाय मला," एवढंच त्या म्हणाल्या. कोणता परण्या त्यांना असा बघायला मिळाला नव्हता, ते मला ठाऊक होतं.

पाटलांना फोनवर सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. अक्कांचा फोन कायम स्पीकरवर. आवाज बघता त्याची गरज नव्हती.

"ताई, हेल्मेट फटफटीवर घालतेत," पाटील म्हणाले. "नवरदेवाला फेटा-बाशिंग शोभतं."

"फेटा वरनं बांधू. बाशिंग त्याच्यावर."

"अन् तुम्ही बी घोड्यावर? बाईमाणूस परण्यात घोड्यावर? लोक हसतेत, ताई."

"हसू द्या की. लग्नात येऊन लोकांनी रडायचंय का?"

पलीकडं पाटील हसले आणि म्हणाले, "बगा बुवा, तुमची जिम्मेदारी."

लातुरातल्या फेटेवाल्यानं आधी हात जोडले. मग टाचणी न टोचता, भोक न पाडता, नुसत्या पिळांवर तो गुलाबी फेटा प्रशांतच्या नव्या हेल्मेटवर असा बसवला की आतलं हेल्मेट कुणाला कळू नये. आणि त्यातून एक सोय झाली, जिचा विचार कुणीच केला नव्हता. हा फेटा टोपीसारखा सहज डोक्यावरून काढता यायचा आणि परत घालता यायचा.

अक्का घोड्यांबरोबर टेम्पोतून पुढं गेल्या. फेट्याचं हेल्मेट आणि अक्कांचं निळं हेल्मेट अशी दोन्ही माझ्या गाडीतून यायची होती. "ह्याच्यावर काय ठेवू नका, ह्याला काय लागू देऊ नका," हे अक्कांनी इतक्या वेळा सांगितलं की मी दोन्ही हेल्मेटं मागच्या सीटवर पोरांसारखी पट्टे लावून बसवली. लोह्याच्या पुढं चहाला थांबलो. परत येऊन बघतो तर बुंदीच्या लाडवांचा डबा फेट्यावर कलंडलेला. मी काळजीनं फेटा बाहेर काढला, काळजीनं गाडीच्या टपावर ठेवला, डबा डिकीत नीट लावला, दार लावलं आणि निघालो.

मागून एक ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मला वाटलं घाई आहे. मी हात बाहेर काढून त्याला उदारपणे पुढं जायची खूण केली. तो आणखीच वाजवू लागला. मग आरशात बघितलं. माझ्यामागं नांदेड रस्त्यावर गुलाबी रंगाचा एक लांबच लांब पट्टा उलगडत चालला होता आणि त्याच्या टोकाशी पांढरं हेल्मेट उड्या मारत येत होतं.

जानवसा गावातल्या शाळेत होता. मी जाऊन अक्कांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. न सांगून चालणारच नव्हतं. फेट्यावर टायरचा छाप होता. अक्कांनी त्या दिवशी नऊवारी नेसली होती. मी त्यांना नऊवारीत पहिल्यांदाच बघत होतो. घोड्यावर बसायला सोयीची म्हणून, असं त्यांनीच सांगितलं.

त्यांनी हेल्मेट हातात घेऊन फिरवलं. मागच्या बाजूला एक ओरखडा. बाकी धड. भोवती वऱ्हाड जमलं.

"ओरखडाच हाय की, ताई," पाटील म्हणाले. ज्यांना हेल्मेटच नको होतं तेच आता वकिली करत होते. "दुसरा फेटा आणतो, झाकून जाईल."

"मारुतीपातुर जायाचं अन् मांडवात यायाचं. तेवढ्यात काय व्हतंय?" कुणीतरी म्हणालं.

प्रशांत म्हणाला, "मावशी, हे मी घालतो. तुझं तू घाल. ठरल्यासारखं जाऊ."

धड हेल्मेट एक आणि डोकी दोन. अक्कांनी नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. बिजली बाहेर साज चढवून उभी होती. गल्लीतल्या बायका घोड्यावर बसणारी मावशी बघायला ओट्यांवर येऊन बसल्या होत्या. अक्कांनी एकदा दारातून बिजलीकडं बघितलं. मग शाळेच्या कुंपणाचा सुटा धोंडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत ते हेल्मेट फोडलं.

"ह्याचा नारळ झाला," त्या म्हणाल्या. "आता कुणी इचार करत बसायला नको."

आणि आपलं निळं हेल्मेट त्यांनी प्रशांतच्या डोक्यावर ठेवलं. माप जुळवायची मागची चकती फिरवायचीसुद्धा गरज पडली नाही. मावशी-भाच्याचं डोकं एकाच मापाचं.

"अन् तू?"

"मी पायी."

"मग मी बी पायी."

"नवरदेव घोड्यावर जाईल. अन् जाताना समदं बघून घ्यायचं. बँडवाला कोण, ओट्यावर कोण बसलंय, कुणी अक्षता टाकल्या, समदं. उद्या मी इचारणार हाय."

गावातल्या फेटेवाल्यानं नवा फेटा त्या हेल्मेटवर बांधला. टक टक. कोण हाय आत? प्रशांत हाय. परण्या निघाला.

पुढं बँड, मागं तहसीलदारावर प्रशांत, लगामाशी अक्का पायी, आणि त्यांच्यामागं रिकामी बिजली हाताशी धरून मी. मला एवढं लहान कधीच वाटलं नव्हतं, आणि मी क्लासमध्ये पगारवाढ मागायला गेलेला माणूस आहे. लोक विचारत, ही घोडी कुणाची? मी म्हणे, अक्कांची. मग बसलं कामून न्हाई कुणी? मी बँडकडं बघे.

वेशीजवळच्या वळणावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावलीच. आणि तहसीलदारानं आयुष्यात पहिल्यांदा गुळाशिवाय हालचाल केली. तो आडवा उडाला. प्रशांत एका बाजूला घसरला, त्याची एक रिकीब सुटली, बायका ओरडल्या. अक्कांनी लगाम पोटाशी ओढला, खांदा घोड्याच्या मानेला लावला आणि अशा आवाजात "निल्लू!" म्हणाल्या की मागं मला ओढत निघालेली बिजली थांबली आणि बँडही थांबला. बँडवाल्यांना कुणालाच कानडी येत नव्हतं. तहसीलदार थरथरत उभा राहिला. प्रशांत पुन्हा खोगिरात सरळ झाला.

टक टक. "कोण हाय आत?"

"प्रशांत हाय, मावशी. बँडवाल्याच्या शर्टाला वरचं बटण न्हाई."

अक्का हसल्या. मी संधी साधून बिजलीसकट जवळ गेलो. "म्हणजे अक्का, मी हेल्मेट पाडलं म्हणून तुम्ही खाली होता, आणि खाली होता म्हणून घोडा आवरला." अक्कांनी प्रशांतच्या पायात सुटलेली रिकीब घातली. मी माझा तर्क आणि बिजली घेऊन परत मागं गेलो.

मारुतीच्या पारावर प्रशांत उतरला. नारळ फोडला, पाया पडला. परत येताना त्यानं हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि फेटा, बाशिंग, हेल्मेट सगळं एकजीव उचलून मावशीच्या डोक्यावर ठेवलं.

"हे काय करून राहिलास?"

"तुझंच हाय. बस बिजलीवर."

पाटील गर्दीतून पुढं आले. "जावईबापू, नवरदेव मांडवात पायी? उघड्या डोक्यानं?"

"मामा, मारुतीपातुर आलो की घोड्यावर. पुढचा परण्या मावशीचा. तिचा राह्यला होता."

पाटील काही बोलायला गेले आणि अक्कांच्या चेहऱ्याकडं बघून थांबले. मग बँडवाल्याकडं वळून म्हणाले, "काय बघून राहिलाव? वाजवा!"

पण अक्का लगेच चढल्या नाहीत. बिजलीपाशी आल्या, पट्टा लावला, स्वतःच दोन बोटं सरकवून बघितली आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मला कळेना. घोडी मी धरली होती, रिकीब समोर होती. मग लक्षात आलं. मी हात वर केला, बाशिंग चुकवलं आणि बोटाच्या पेरानं गुलाबी फेट्यावर ठोकलं. आवाज दबका आला, पण आला.

"कोण हाय आत?"

"निर्मला," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं." असं मी त्यांना आयुष्यात एकदाच म्हणालो.

"निर्मला हाय!"

पार दणाणला. रिकिबीत पाय, आणि अक्का वर. प्रशांतनं माझ्या हातातून लगाम घेतला आणि उघड्या डोक्यानं पुढं चालू लागला, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरची तोंडं एकेक करून बघत, पाठ करत. मांडवाच्या दारातून नवरी टाचा उंचावून बघत होती. फेट्याचा गुलाबी शेमला नऊवारीच्या पाठीवर उडत होता, बाशिंग जरा तिरकं झालं होतं, आणि वळणावर अक्कांनी मान फिरवून मागची सगळी माणसं एकदा नजरेत घेतली. मी तहसीलदाराला धरून मागंच राहिलो होतो, पण तो आवाज मला ऐकू आला. त्या कुणाशी बोलत होत्या कुणास ठाऊक.

"लई गर्दी हाय की हो!"